चुकलेली पौर्णिमा

बँकेतल्या बाईंच्या ओल्या केसांची बट तिने दोन बोटांत धरली, कात्री चालवली आणि आरशातून त्यांच्याकडे बघत म्हणाली,

"परवा आईने चहाचा कप भिंतीवर मारला."

"रिकामा?"

"कसला रिकामा! भरलेला. पौर्णिमा होती ना."

बाई हसल्या. शेजारच्या खुर्चीत केसांना रंग लावून बसलेली शिंपीणबाईही हसली. दुकानात ही गोष्ट नवी नव्हती. पार्लरवालीची आई वरच्या मजल्यावर राहते, एरवी गाईसारखी गरीब, पण पौर्णिमेला तिचं डोकं फिरतं, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. ठाऊक कसं झालं, हा प्रश्न कोणाला पडला नव्हता, कारण सांगणारी ती स्वतःच होती. आणि सांगायची तेही रंगवून. आईचा आवाज काढायची, कमरेवर हात ठेवून आईसारखी उभी राहायची. गिऱ्हाइकांची मान स्थिर ठेवायला कोणी रेडिओ लावतं. तिच्याकडे आई होती.

"पण परवा कशी असेल पौर्णिमा?" बाई म्हणाल्या. "आज आहे. म्हणून तर सुट्टी टाकून आले. आज कापलेले केस भराभर वाढतात म्हणे. माझ्या सासूबाई शपथेवर सांगतात."

"नाही हो, परवाच झाली." तिने कंगवा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे रोखला.

शिंपीणबाई डोक्यावरची प्लास्टिकची टोपी सांभाळत उठली आणि कॅलेंडरला नाक लावून उभी राहिली.

"अगं बाई, हे तर मागच्या महिन्याचं पान! अर्धा महिना सरला तरी फाडलं नाहीस?"

तारखेचा आकडा आणि पौर्णिमेचा गोल एवढंच ती बघायची, त्यामुळे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. शिंपीणबाईने टर्रकन पान फाडलं. खालच्या पानावर पौर्णिमेचा गोल आजच्या तारखेवर होता.

तिघीही हसल्या. तिचं हसू मात्र अर्ध्या वाटेवरच थांबलं.

"असू दे गं," बाई समजुतीने म्हणाल्या, "चंद्र दोन दिवस आधीपासूनच ओढायला लागतो म्हणतात."

"हो ना, तसंच असणार," तिने झटकन म्हटलं, आणि डावीकडची बट नको तेवढी वर कापली.

चूक झाकायला उजवी बाजूही वर घ्यावी लागली. हात चालत होते, पण डोळ्यांपुढे परवाचा दिवस उभा राहिला होता.

परवा सकाळी उठल्या उठल्या तिने भाजीची सुरी आणि आईची शिवणाची कात्री कपाटावर टाकली होती. बाहेरच्या दाराला वरची कडी घातली होती. शाळा सुटल्यावर परस्पर मैत्रिणीकडे जायचं, असं आपल्या लेकीला, छोटीला, बजावलं होतं. मग संध्याकाळी चहा घेऊन ती आईजवळ बसली होती आणि आजाऱ्याशी बोलावं तसं बोलली होती. "बरं वाटतंय ना, आई? आज खिडकीत नको हं बसायला."

"माझी कात्री कुठे आहे?" आईने विचारलं होतं.

"असेल गं इथेच. घाई काय आहे?"

"छोटी अजून का आली नाही?"

"येईल हं. तू चहा घे बघू."

"अगं, मी तुला काहीतरी विचारतेय!"

"हो हो. शांत हो. चिडायचं नाही."

तेव्हा कप गेला होता. आणि चहाचे ओघळ भिंतीवरून खाली येत असताना, फडकं आणायला उठायच्याही आधी, हे दुकानात कसं सांगायचं ते तिच्या मनात जुळून आलं होतं. ते आठवलं आणि तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

आज, खऱ्या पौर्णिमेला, तिने काहीच केलं नव्हतं. सकाळी ओला टॉवेल पलंगावर टाकल्याबद्दल ती आईवर खेकसली होती. "तुझ्या नवऱ्याचा टॉवेल आहे, त्याला विचार," असं ठणकावून आईने उलट तिलाच गप्प केलं होतं. छोटी दुपारपासून आजीजवळच होती.

हे सगळं सुरू झालं ते बाबा गेले त्या वर्षी. आई एकदा चांदण्यात अनवाणी रस्त्यावर निघून गेली होती. शेजाऱ्यांनी हाताला धरून परत आणलं आणि म्हणाले, "पौर्णिमा आहे ना, होतं असं काहींना." त्या एका वाक्याने तिची केवढी सोय झाली होती! चंद्रावर ढकललं की आईला काही विचारायला नको. तिने कधी विचारलंही नाही.

संध्याकाळी शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर तिने शटर ओढलं आणि ती जिना चढून वर गेली. स्वयंपाकघराच्या खिडकीत पिवळाजर्द चंद्र नुकता वर आला होता. आई खाली बसून मटार सोलत होती. छोटी तिच्या मांडीला टेकून गणितं करत होती.

"हातचा घ्यायला विसरलीस, शहाणे," आई म्हणत होती. "तुझी आईपण अशीच. हातचा म्हणजे वैरी."

ती दारातच उभी राहिली.

"आत ये की. पाहुणी आहेस का?"

"आई, आज पौर्णिमा आहे."

आईने आधी खिडकीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. हातातली शेंग तशीच अर्धवट उघडी राहिली.

"आज? मग परवा काय होतं?"

"काही नव्हतं. कॅलेंडरचं पान उलटायचं राहिलं होतं."

शेंगेतले दाणे आईने एकेक करून भांड्यात टाकले.

"म्हणजे मला काही होत नाही?"

एखादी बाई रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टरांना विचारेल, तसा तिचा आवाज होता.

"नाही, आई."

"तू गोड बोलायला लागलीस की मला कळायचं, आज पौर्णिमा. मग मीच माझ्यावर पाळत ठेवायची. हात थरथरला, झालं सुरू. जीव घाबरला, झालं सुरू. छोटीला जवळ घ्यायलाही भ्यायची गं. न जाणो, आपल्या हातून काही झालं तर?"

छोटीने मान वर केली. आईने तिच्या डोक्यावर हात ठेवून मान पुन्हा वहीकडे वळवली.

दारातून आत येऊन ती भिंतीला टेकली. पुसूनही न गेलेला चहाचा तपकिरी डाग तिच्या खांद्याशेजारीच होता. 'माझं चुकलं' हे दोन शब्द तिच्या जिभेवर आले, पण झाल्या गोष्टीपुढे ते इतके लहान होते की तिला ते उच्चारवले नाहीत.

आईचा चेहरा मात्र हळूहळू उजळत होता. कितीतरी वर्षांत तिने आईला इतकं मोकळं पाहिलं नव्हतं.

"मग उद्या मी खाली येऊन बसते तुझ्या दुकानात," आई म्हणाली. "चार माणसांत बरं वाटेल. इतके दिवस मीच टाळत होते. जिना उतरले की तुझ्या त्या बायका एकमेकींकडे बघून हसतायत असं वाटायचं मला. वेडी कुठली! तेही माझ्या मनाचेच खेळ असणार, नाही का?"

हो म्हणणं किती सोपं होतं. आईच तर हो मागत होती.

"नाही, आई," ती म्हणाली. "ते खेळ नव्हते."

आईने मटारचं भांडं बाजूला सरकवलं आणि तिला बसायला जागा करून दिली.

"मग काय होतं?" तिने विचारलं.

ती खाली बसली.