वरचे पुढचे दोन

“तीन, दोन, तीन,” डॉक्टर म्हणाले आणि सिस्टरने तक्त्यावर आकडे उतरवले. खुणा असलेली बारीक सळई हिरडीत किती मिलिमीटर आत जाते ते डॉक्टरांनी सांगायचं आणि तिने लिहायचं, सव्वीस वर्षं हेच चाललं होतं. तीनपर्यंत ठीक. पाचच्या पुढे गेलं की लाल पेन. फक्त आज खुर्चीत आ वासून पडला होता तो तिचा नवरा.

तो बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. ट्रम्पेट ओठांवर टेकतं, पण भार झेलतात ते ओठांमागचे दात. ब्रशला रक्त लागतं हे पठ्ठ्याने दोन वर्षं लपवलं. आणि हिने गावभरच्या हिरड्यांचे आकडे लिहिले, घरच्या कधी पाहिल्या नाहीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

डॉक्टर वरच्या पुढच्या दोन दातांपाशी आले. “सात, आठ, सात.”

तिने लिहिलं, चार, चार, चार.

चूक नव्हती ती. कागदावर चार लिहिलं की हिरडी ऐकेल, असं काहीतरी वेड्यासारखं तिला वाटलं होतं. पण याच तक्त्यावरून उपचार ठरणार होते. हे दोन तसेच ठेवले तर शेजारचेही जाणार, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? तिने आकडे खोडले आणि खरे लिहिले. डॉक्टरांनी खाडाखोड पाहिली. खाली त्यांनी रोगाचं नाव लिहिलं, पेरिओडॉन्टायटिस.

या लांबलचक शब्दाचा अर्थ पेशंटला बाहेरच्या बाकावर बसवून सांगणं हे तिचंच काम. लोक त्याला पायोरिया म्हणतात आणि पेस्ट बदलली की जातो असं समजतात. तिची वाक्यं तोंडपाठ होती. नवरा शेजारी येऊन बसला तेव्हा एकही आठवेना.

“अगं, सांग ना. लोकांना सांगतेस तसंच सांग.”

“दात किडलेले नाहीत,” ती म्हणाली. “हिरडी सुटलीय, आतलं हाड झिजलंय. दातांना धरायला काही उरलंच नाही. वरचे पुढचे दोन काढावे लागतील.”

“आणि वाजवणं?”

नवे बसवता येतात, काळजी करू नका, हे ती सगळ्यांना हसून सांगे. पण आज एकदा खोटं लिहून झालं होतं.

“पूर्वीसारखं नाही जमणार,” ती म्हणाली, आणि रडू आलं ते तिलाच.

त्याने तिचा हात हातात घेतला. मग विचारलं, शनिवारी संध्याकाळी कार्यक्रम आहे, तोवर टिकतील का.

“जपून वाजवलंत तर.”

“जपून कधी ट्रम्पेट वाजतं होय?” तो हसला.

बँडचे कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी, आणि तेव्हाच दवाखान्यात सगळ्यात जास्त गर्दी असते. त्यामुळे घरातल्या सरावापलीकडे तिने त्याचं वाजवणं इतक्या वर्षांत ऐकलंच नव्हतं. तिने उठून टेबलावरची अपॉइंटमेंटची डायरी ओढली, त्याचं नाव सोमवारी लिहिलं आणि शनिवारच्या पानावर स्वतःची रजा.