परतीची तीन तिकिटं

बेटावर जायचं ठरलं तेव्हा मंगल म्हशीची धार काढत होती. तिला कोणी विचारलं नव्हतं. थोरल्या दिराची पोरगी अंकिता गोठ्याच्या दारात आली आणि नाकाला ओढणी लावून म्हणाली, "काकी, तुमी लक्षद्वीपला चाललाय. लय नशीबवान बाई तुमी."

"बरं," मंगल म्हणाली आणि धार काढत राहिली.

आनंद झाला असता तर तिला हवाच होता, पण झाला नाही. राग तरी येईल म्हणून ती जरा थांबली, तर तोही आला नाही. पाय आखडून बसल्यावर मुंग्या येतात आणि मग मुंग्याही जातात, पाय आपला आहे का दुसऱ्याचा ते कळत नाही. तिच्या आतलं सगळं आता तसं झालेलं होतं.

विट्याच्या अलीकडचं हे गाव गलाईवाल्यांचं. घरटी एक माणूस परमुलखात. सराफांचं मोडीचं सोनं घ्यायचं, भट्टीत वितळवायचं, तेजाबात टाकून त्यातली भेसळ काढायची, आणि चोख सोनं ज्याचं त्याला परत द्यायचं. त्यावर गावात तीन-तीन मजली बंगले उठले. बंगल्यात राहतं कोण? म्हातारी माणसं, बायका आणि टाकीवर बसणारी कबुतरं. बंगल्यांचे फोटो पेपरात येतात. तेजाबाच्या वाफेनं खाल्लेल्या दातांचे फोटो कोणी छापत नाही.

मंगलचा नवरा धनाजी मिसरूड फुटायच्या आधी कोचीला गेला तो तिथंच पिकला. लग्न झालं, पोरगं झालं, बाप मेला, या सगळ्याला तो पाहुण्यासारखा आला आणि गेला. समुद्र म्हणे दुकानापासून चालत जाण्यासारखा होता. तो कधी गेला नाही. सकाळी भट्टी, रात्री हिशेब, वर माळ्यावर झोप. आता मात्र तो कायमचा आला होता, कारण छाती फुटक्या भात्यासारखी वाजत होती. आमटी करपली तरी त्याला वास येत नव्हता. सांगलीच्या डॉक्टरनं एकच सांगितलं, "वाफेत परत बसायचं नाही. बसलात तर माझ्याकडं येऊ नका."

मग दुकानात बसायचं कोणी? थोरला भाऊ भाऊसो कधीच भट्टी सोडून गावात आला होता. टेंभू योजनेच्या कॅनॉलचं पाणी आल्यावर त्यानं द्राक्षं लावली, सोसायटीत निवडून आला, पांढरी कापडं घालू लागला. दुकान मात्र दोघा भावांचं आणि हिस्सा बरोबर निम्मा. भाऊसोचा पोरगा विश्वजीत पुण्यात इंजिनेर होत होता. म्हणजे राहिला मंगलचा शिवतेज. आयटीआय झालेला, वायरमनचं काम शिकलेला. मंगलच्या भावानं, जोतिबानं, त्याच्यासाठी शिरवळच्या एका कंपनीत शब्द टाकला होता. पुढच्या महिन्यात ये म्हणाले होते.

पण भावकीत एक रीत होती. पोरगं पहिल्यांदा भट्टीवर बसायचं तर आईनं स्वतः तिथं जाऊन भट्टीला हळदकुंकू लावायचं आणि पोराच्या हातात सांडशी द्यायची. त्याशिवाय बसायचं नाही. कोणे एके काळी कोणी एक जण आईला न विचारता बसला आणि तेजाब उडून आंधळा झाला, अशी गोष्ट सांगत. खरी का खोटी देव जाणे, पण ही रीत मोडायची छाती भाऊसोचीही नव्हती. दिवाळीत पोराला नुसतं फिरायला म्हणून सांगून मायलेकांना कोचीला नेऊन हे उरकायचं ठरलं होतं. बॅगा भरल्या, गाडी दारात लागली आणि मंगल माहेरी आष्ट्याला निघून गेली. भांडली नाही, रडली नाही. नुसती गेली.

म्हणून आता बेट. कोचीवरून बोट सुटते. जाताना चौघं जायचं, आठवडाभर बेटं बघायची, येताना दुकानात थांबून सांडशी द्यायची आणि पोराला तिथंच ठेवून माघारी यायचं. हे शिवतेज सोडून सगळ्यांना माहीत होतं. मंगलला सासूनं, सुलाबाईनं, बेत पक्का व्हायच्या आदल्या दिवशीच भाजी निवडता निवडता सांगितलं होतं, "बेटबी बघून हुईल आन ते कामबी. काय वाईट हाय त्यात?"

मंगल धार घेऊन सोप्यात आली तेव्हा बेत रंगात आला होता. अंकितानं मोबाईल दिवाणावर उभा केला होता. पडद्यावर निळं पाणी, पांढरी वाळू आणि वाकलेली नारळाची झाडं.

"तितं हाय काय बघायला?" सुलाबाई म्हणाली.

"पाणी, आज्जी."

"पाणीच बघायचं तर टेंभूच्या कॅनॉलवर जावा की. येताना वैरण तरी आनशिला."

"आगं, रंगीत मासं हाईत. काचंच्या बोटीतनं खाली बघायचं."

"बघायचं आन सोडून द्यायचं?" सुलाबाईनं तोंडाला पदर लावला. "येडी हाईत व्हय तितली मानसं?"

सगळे हसले. धनाजीही हसला आणि हसता हसता खोकत बसला. खोकला संपेपर्यंत सगळे थांबले आणि मग जिथं हसणं सोडलं होतं तिथून परत हसले.

"मंगलला आदी पान्यात उतरवा," भाऊसो म्हणाला. "जाकीट घालत्यात, बुडत न्हाई मानूस. तोंड बघा कसं झालंय, दहाव्याला बसल्यागत."

"काकी, साडी न्हाई चालायची हं तिथं. माझा एक ड्रेस देते," अंकिता म्हणाली.

"दे," मंगल म्हणाली.

ती सगळ्याला हो म्हणत होती. दशम्या करशील? करीन. शेंगदाण्याची चटणी? कुटीन. बेटावर उतरायच्या परवान्याला फोटो लागतो, विट्याला जाऊन काढशील? काढीन. धनाजी तिच्याकडं बघून खुलत चालला होता. त्यानं मोबाईल तिच्यासमोर धरला, "ह्ये बघ, ह्या खोपीत ऱ्हायचं. खाली समदं पाणी. सकाळी दार उघडलं की समुद्र." त्याचा आवाज नवऱ्यामुलासारखा झाला होता. इतक्या वर्षांत त्यानं तिला एवढी वाक्यं सलग ऐकवली नव्हती. मंगलनं बघितलं. निळं होतं, छान होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघावं तसं तिनं बघितलं.

शिवतेज घरात नव्हता. समुद्रावर घालायला चड्ड्या आणायला मित्रांबरोबर विट्याला गेला होता. अख्ख्या गल्लीला सांगून झालं होतं त्याचं.

"चला, आता मिरजेपासनं रेल्वेची तिकिटं काढते," अंकिता म्हणाली. "जाताना चार. काका, काकी, आज्जी, शिवतेज. येताना तीन."

ती सहज म्हणाली. तिला तसंच सांगितलं होतं.

"येताना चार काढ," मंगल म्हणाली.

अंकिताचं बोट पडद्यावर तसंच राहिलं. भाऊसोनं तंबाखूचा हात थांबवला.

"मंगल, ठरलंय त्ये."

"कुनाचं?"

"घराचं."

"मग इश्वजीतला धाडा. घर त्येचंबी हाय."

"त्यो इंजिनेर हुतोय."

"माजा वायरमन हुतोय."

"वायरमन!" भाऊसो हसला. "लोकांच्या घरातलं पंखं पुसनार. आगं, आपलं सोताचं दुकान हाय, मालक म्हनून बसंल."

"ह्येबी मालकच हुतं की," मंगलनं नवऱ्याकडं हात केला.

सुलाबाई उसळली. "मी न्हाई दिली व्हय सांडशी माज्या लेकाच्या हातात? मी आई न्हवं? मेला का त्यो?"

धनाजी नेमका त्याच वेळी खोकला. या खेपेला लांबला खोकला. त्यानं खांबाला धरलं, मानेच्या शिरा वर आल्या, डोळ्यांत पाणी आलं. सुलाबाई लेकाकडं बघत राहिली आणि मग तिनं मान वळवून निवडायच्या भाजीकडं बघितलं.

मंगल बोलली ती आवाज न चढवता. "मी येते. समुद्र बघते. म्हनाल तर ड्रेस घालून पान्यातबी उतरते. पन भट्टीला माजा हात लागनार न्हाई आन सांडशी माज्या हातनं जानार न्हाई. ह्ये धरून काढायची तर काढा तिकिटं."

भाऊसोनं तिच्याकडं बघितलं, मग धनाजीकडं. बायकोला चार शब्द सुनावायचा हक्क त्याचा होता, पण धनाजीला दम नव्हता. शेवटी भाऊसो पोरीला म्हणाला, "ठेव तो मोबाईल. आत्ता रेंज न्हाई."

रेंज होती. पडद्यावर अजून पाणी हलत होतं. अंकितानं तो पालथा घातला. चौघं परत येणार म्हटल्यावर त्या बेटांत कोणाला काही राम वाटेना. भाऊसोला द्राक्षांच्या औषधाची आठवण झाली. सुलाबाईला गुडघे आठवले, म्हणाली, मला कुटं जमतंय बोटीत चढायला. पोरगं सोडून यायचं होतं तोवर तिचे गुडघे बरे होते.

संध्याकाळी धनाजी मागच्या दारी तिच्याजवळ येऊन बसला. मग म्हणाला, "दुकान बंद पडलं तर सराफ दुसरीकडं जातील. एकदा गेलं की परत ईत न्हाईत."

"जाऊ द्यात की."

"दादा ऐकनार न्हाई. त्येचा हिस्सा हाय."

"मग तुमी जावा."

मीठ दे म्हणावं तसं ती म्हणाली. डॉक्टर काय म्हणाला ते तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, दवाखान्यात नवऱ्याच्या शेजारीच बसली होती ती. तरी म्हणाली. या घरानं तिच्यासमोर दोन माणसं ठेवली होती आणि एक उचल म्हणून सांगितलं होतं. तिनं उचललं. हे पाप कोणाचं ते ज्यानं त्यानं ठरवावं, तिला ठरवायचं नव्हतं.

धनाजीनं मान हलवली. "व्हय. मीच जातो." आणि जरा वेळानं, "तुला खरंच बेट दावायचं हुतं गं मला."

"म्हाईत हाय."

ते खरं होतं. पोराला ठेवून यायचं होतं तेही खरं होतं. ज्या माणसाला समुद्राकडं चालत जायला वेळ मिळाला नाही, त्यानं बायकोला तो दाखवायचा म्हटलं तर काहीतरी काम काढूनच दाखवणार.

दोन दिवसांनी तो गेला. मंगल विट्याच्या स्टँडवर सोडायला गेली. त्यानं खिडकीतून हात केला, तिनंही केला. गाडी वळली. ती घरी आली, पाणी प्यायली. रडू येईल म्हणून चुलीपुढं बसून बघितलं. आलं नाही, तसं तिनं पीठ मळायला घेतलं.

शिवतेज फुरंगटला होता. बेट मोडल्यापासून तो तिच्याशी धड बोलत नव्हता. गल्लीतली पोरं त्याला टोपणनावानं हाक मारत होती, "काय कॅप्टन, बोट लागली का?" तो आत आला आणि उंबऱ्यावरच थांबला.

"आज्जी म्हनती तू मोडलंस म्हनून."

"व्हय."

"का पन? काय घोडं मारलं हुतं मी?"

मंगलनं पिठाचा हात धुतला. "तुला तितं ठिवून येनार हुती समदी. भट्टीवर. पप्पाच्या जागी."

ती पोराच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटेल म्हणून बघत राहिली.

"एवढंच?" शिवतेज म्हणाला. "मग ठिवायचं की. बेट बगून झालं असतं, कोचीबी बगितली असती. शिरवळात काय हाय? हायवे!"

"पप्पा कसं खोकत्यात बघितलंस न्हवं?"

"त्यांनी मास्क लावला न्हाई. मी लावला असता." तो रडकुंडीला आला होता, एवढ्या मोठ्या अंगाचा पोरगा. "तुला कायच कळत न्हाई, मम्मी. सगळ्या गावात हसं केलंस माझं. पप्पाला पन घालवलंस. आता खूश का?"

मंगलचं सांगायचं ते सांगून झालं होतं. ती उठली, फडताळावरची त्याची बॅग खाली काढली, झटकली आणि त्याच्या पायापाशी ठेवली.

"सोमवारी मामाकडं जायचंय. महिना लागला की त्यो शिरवळला पोचवंल. कापडं भर."

"न्हाई जात."

"जाशील."

"तुझ्याशी जन्मात बोलनार न्हाई."

"नको बोलूस," मंगल म्हणाली. "शिव्या दे. पन शिरवळात बसून दे."