नदीकाठचा किल्लेदार

"हा म्हातारा हलतच नाही! गडावर दाणा नाही, पगार नाही, साम्राज्य बुडून चाळीस वर्षं झाली, तरी हा आपला दाराशी उभा. ही चूक दुरुस्त करा!"

दातवाल्याने तक्रार वाचून तोंड वाकडं केलं. आठवडाभर लोकांच्या कवळ्या घासणारा हा गृहस्थ. एकच शौक, कॉम्प्युटरवरचा युद्धाचा खेळ. त्या खेळाला त्याने स्वतःची भर घातली होती. खेळणारे तिला मॉड म्हणतात. रोमन साम्राज्याची अखेर आणि त्यानंतरची पडझड, चहूकडून धाडी, आणि नदीकाठच्या गडावर एक म्हातारा किल्लेदार. तीन वर्षं राबून फुकट वाटलं, तर अभिप्रायांचा हा भडिमार! आणि निम्म्यांचा राग त्या किल्लेदारावरच.

चूक कसली कपाळाची! ते त्याने मुद्दाम केलं होतं. किल्लेदार म्हणजे त्याचे बाबा. बाबा पाणीपुरवठ्यात पंपचालक होते. पूर आला तेव्हा सगळे पळाले. बाबा दोन दिवस उपाशीपोटी पंपघरात राहिले. का, तर बदली माणूस आला नव्हता. चार्ज दिल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा तिथला नियम. शाबासकी राहिली बाजूला, वर साहेबांनी पंपघर सोडण्याचा हुकूम मोडल्याची नोटीस दिली. निदान खेळात तरी त्यांना कुणी हलवू नये, एवढीच मुलाची इच्छा.

"अहो, धावा! बाबा पुन्हा निघाले!" बायको ओरडली.

बाबा दाराशी पोचले होते. शर्टाची बटणं खालीवर, मुठीत पंपघराच्या चाव्या. ते पंपघर पाडून बारा वर्षं झाली होती. मागच्या आठवड्यात तर ते भर रस्त्यात ट्रकसमोर सापडले.

"सोड मला. ड्यूटी आहे."

"बाबा, तुम्ही रिटायर झालात. पंपघर नाही आता."

"थापा मारू नकोस! लोकांना पाणी कोण सोडणार, तू?"

दोघांनी मिळून त्यांना कसंबसं खुर्चीत बसवलं. बायकोच्या हातावर ओरखडे उठले होते.

"माझ्याने आता होत नाही हो," ती म्हणाली. "कुलूप लावलं की दारावर डोकं आपटतात. सोमवारी वृद्धाश्रमाची गाडी येऊ दे." दोन वर्षं तिनेच त्यांचं सगळं केलं होतं.

सुचेना म्हणून तो पुन्हा अभिप्राय वाचत बसला. 'लंगडा घोडा' नावाच्या कुणीतरी लिहिलं होतं, "किल्लेदार आवडला. पण त्याला पहाऱ्यावरून सोडवायला तुम्ही बदली कुणाला पाठवतच नाही. बिचारा जाईल कसा?"

दातवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो उठला. मागच्या दाराने बाहेर पडला, वळसा घालून पुढे आला आणि त्याने बेल वाजवली.

दार बाबांनीच उघडलं.

"नमस्कार. बदलीवर आलोय. चार्ज घ्यायचाय."

बाबांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"उशीर केलात," ते म्हणाले. जन्मात पहिल्यांदा बापाने त्याला अहो-जाहो केलं.

"हो, चुकलंच."

"दोन नंबरचा पंप तापतो. लक्ष ठेवा. आणि झोपायचं नाही, सांगून ठेवतो." बाबांनी चाव्या त्याच्या हातावर ठेवल्या. मग भिंतीला टेकून त्यांनी मोठा श्वास सोडला. "बरं झालं बाबा आलात. घरी माझा बाळ्या एकटा आहे. सहा वर्षांचा. मी गेल्याशिवाय जेवत नाही गाढव."

"मग निघा तुम्ही," तो कसाबसा म्हणाला. "वाट बघत असेल."

बाबा वळले आणि घरात चालू लागले. बायको पदर तोंडाशी धरून बाजूला झाली. आतल्या खोलीतून हाक आली, "बाळ्या, आलो रे!"

चाळिशी उलटलेला बाळ्या चाव्या घेऊन दाराशी उभा होता. त्याला ओ देता येईना. तो ड्यूटीवर होता.