सगळ्या बेटभर एकच झाड

स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कठड्यावर एक गोल डाग. घासला तरी जात नाही.

मीठ धरलेले बूट.

"काय मग, म्हातारबुवांचं झुडूप काय म्हणतंय?" प्रयोगशाळेतला रोजचा टोमणा.

चौकटीत वाळवलेली एक फांदी. खाली लॅटिन नाव. बाबांच्या गुरुजींवरून ठेवलेलं.

मावशीच्या गॅलरीत झाडांना पाणी घालायचा फुटका मग.

यातलं काय कशाशी जोडलेलं आहे हे लेकीला कळलं, आणि कळलं तेव्हा वाटलं, नसतं कळलं तर बरं झालं असतं.

बाबांना बेटावर ते झुडूप सापडलं तेव्हा ती शाळेत होती. आसपास कुठंच तसलं झुडूप नाही. बाबांनी सांगून टाकलं, बेट जमिनीला जोडलेलं होतं तेव्हापासूनची ही जात. बाकीची मेली, ही तगली. मग बी का धरत नाही? थकली असेल, म्हातारी आहे! या एका म्हणण्यावर त्यांनी अख्खी नोकरी काढली, आणि लोक पाठीमागे हसत राहिले. लेकही वनस्पतींतच शिकली. तिनं ठरवलं, एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा. बेटाच्या चारी अंगांची पानं आणायची, डीएनए तपासायचा, हसणाऱ्यांची तोंडं बंद करायची. बाबांनी स्वतः कपाटातून तिचे बूट काढून दिले.

जात जुनी असती तर झुडपाझुडपात फरक निघाला असता. तो निघाला नाही. सगळी झुडपं म्हणजे एकच झाड, जोडीला दुसरं नाही, म्हणून तर बी धरत नव्हतं. कुणीतरी एकच फांदी खोचली होती, आणि तिच्या मोडक्या काटक्या रुजत रुजत अख्ख्या बेटावर पसरल्या होत्या.

कुणी?

त्या रविवारी ती मावशीकडे गेली, सहज. गॅलरीत कुंडी. पानं लांबट, मऊ, वारं न लागलेली. पण देठाचा लाल सांधा तोच.

"हे कुठलं गं?"

"आमच्या माहेरच्या डोंगरातलं. तुमच्या खिडकीत नव्हतं का? ताईनंच नेलेलं." मावशीनं मग भरला. "तुझ्या जन्माआधी त्या बेटावरसुद्धा लावून आली होती वेडी. तुझा बाप दिवसभर रानात, ही तंबूशी एकटी. म्हणाली, शेजारी कुणीतरी ओळखीचं असावं."

मावशीच्या कुंडीतलं पान तपासलं. बेटावरच्याशी तंतोतंत जुळलं.

"तुझी आई?" बाबा वर्तमानपत्राआडून हसले. "अगं, तिला झाडांतलं ओ की ठो कळत नव्हतं."

"लावता येत होतं."

"आणि आपल्याच घरातलं झाड मला ओळखू आलं नसतं?"

"तुम्ही त्याच्यासमोर बसून जेवायचात, बाबा. रोज."

बाबांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"छापणार?"

"हो."

"बापाला तोंडघशी पाडून."

"गुरुजींचं नाव राहतंय ना. पहिलं छापलेलं नाव बदलत नाही. तुम्हीच शिकवलंत."

शोधनिबंधात तिनं आईचं नाव घातलं. एकच ओळ, रात्रभर त्या ओळीशी झटली होती. संपादकांचं उत्तर आलं: बहिणीनं सांगितलेली आठवण हा पुरावा धरता येत नाही. ओळ गाळा, नाहीतर निबंध परत घ्या.

तिनं ओळ गाळली.

अंक आला. बाबांनी चष्मा पुसला, एकेका वाक्याखाली बोट धरत वाचलं, आणि एका जागी बोट थांबलं. 'अज्ञात व्यक्तीकडून लागवड.'

"अज्ञात," बाबा म्हणाले. चेहरा सुटल्यासारखा झाला. "हे बरोबर लिहिलंस. चहा टाकतेस?"

तिनं टाकला. स्वतःसाठी नाही टाकला.

आई गेली त्या आठवड्यात बाबांनी खिडकीतली कुंडी कचऱ्यात टाकली होती. उजेड अडत होता.