आधीच आत असलेला माणूस

रोज सकाळी माझ्यापुढे कर्नलमधल्या चुकांची यादी येते. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. तिथे गडबड झाली की वरचं सगळं लटकतं. कुठल्या चुकीसाठी लोकांना लाल इशारा पाठवायचा आणि कुठली नेहमीच्या अपडेटवर सोडायची, हे मी ठरवते. काम मला मनापासून आवडतं. दिवसातून चाळीस वेळा नाही म्हणायचा पगार मिळतो, आणखी काय हवं?

गेल्या महिन्यात मात्र माझी चांगलीच फजिती झाली. मी घाईने लाल इशारा दिला, लोकांनी भर दुपारी कामं थांबवून मशिनी बंद केल्या, आणि मग कळलं की ज्या भागात ती चूक होती, तो कोणी वापरतच नव्हतं. आता आपले इशारे कोणी वाचणार नाही, याची मला धास्ती बसली. रविवारी जेवताना नणंदबाईंनी त्या धास्तीवर शिक्कामोर्तब केलं. त्या सार्वजनिक वाचनालय चालवतात.

"तुझं इशाऱ्याचं पत्र आलं की मी न उघडताच बाजूला टाकते," त्या म्हणाल्या. "उगाच डोक्याला ताप."

नवऱ्याने त्यांना आणखी भात वाढला. बहिणीपुढे त्याचं काही चालत नाही.

सोमवारच्या यादीत एक्केचाळीस चुका होत्या. सर्वांत धोकादायक ठरवलेली चूक कधीच बाजारातून गेलेल्या एका नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे ते कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये होती. ती सोडली. खाली एक मध्यम धोक्याची होती: साध्या खात्यातून लॉगिन केलेल्या माणसाला अख्ख्या मशीनचा मालक होता येत होतं. अशा चुकीला आम्ही सहसा लाल रंग देत नाही. ज्याला आधीच आत घेतलंय तो आपलाच माणूस, असं धरून चालतो.

तीही सोडणार, एवढ्यात मला नणंदबाईंचं वाचनालय आठवलं. बारा मशिनी, वाचकांना एकच खातं, पासवर्ड भिंतीवर मोठ्या अक्षरांत चिकटवलेला. रस्त्यावरून येईल तो आत. सभासदांचे पत्ते आणि फोन नंबर त्याच मशिनींवर, दुसऱ्या खात्यात.

शेजारच्या तपासनिसाला मी करून बघायला सांगितलं. त्याने साध्या खात्यातून प्रोग्रॅमच्या चार ओळी चालवल्या, "झालो मालक," म्हणाला आणि पुन्हा चहाचा कप उचलला.

"परत तोंडघशी पडलो तर?" मी लाल इशारा देतेय म्हटल्यावर आमच्या साहेबांनी विचारलं.

"तर यापुढे इशारे तुम्ही ठरवा," मी म्हणाले.

विषयाच्या ओळीत मी फक्त लिहिलं, 'वाचनालयं, शाळा, लॅब यांच्यासाठी'. आत दोनच वाक्यं. एकच खातं अनेक जण वापरत असतील, तर आजच मशिनी थांबवून अपडेट करा. तसं नसेल, तर हे पत्र तुमच्यासाठी नाही.

चार वाजता नणंदबाईंचा फोन आला.

"वाचकांना घरी पाठवलं. अकरा मशिनी झाल्या," त्या म्हणाल्या. "एक जुनी आहे, ती अपडेट घेतच नाही. तिची वायर काढून ठेवलीये. बरोबर केलं ना गं मी?"

लग्नाला बावीस वर्षं झाली. माझं काय चुकलं ते त्यांनी मला पुष्कळदा सांगितलं होतं. स्वतःचं बरोबर आहे का, हे कधी विचारलं नव्हतं. मला फार बरं वाटलं.

"अगदी बरोबर केलंत, ताई," मी म्हणाले. "मीही तेच केलं असतं."