तपासणीच्या दिवशीचे पेशंट

माझं नाव कुसुम, पण गेली कित्येक वर्षं नावानं कुणी हाक मारलेली नाही. मी सिस्टर. चाकणच्या अलीकडे, हायवेला लागून असलेल्या एका हॉस्पिटलचा जनरल वॉर्ड माझ्याकडे आहे. भरल्या वॉर्डाला आम्ही दोघी. तिसरी होती ती जर्मन शिकून जर्मनीला गेली, चौथी दुबईला. जाऊ देत, त्यांच्या वयाची असते तर मीही गेले असते. पण त्या गेल्या की त्यांचे पेशंट माझ्याच गळ्यात पडतात, त्याबद्दल कुणी ब्र काढत नाही.

हॉस्पिटल उद्धवरावांचं. जमिनी कंपन्यांना गेल्या तेव्हा त्यांनी आधी मंगल कार्यालय काढलं, मग हॉस्पिटल, आणि नर्सला मागणी आहे म्हटल्यावर वरच्या मजल्यावर नर्सिंग कॉलेज. कॉलेजात फळा आहे, बाकं आहेत, शिकवणारं कुणी नाही. येतात आणि दुसरीकडे बरं मिळालं की जातात. मग मुलींना सकाळीच माझ्या वॉर्डात सोडतात आणि त्याला प्रॅक्टिकल म्हणतात. चादरी बदलता बदलता त्यांचं शिक्षण होतं. खरं सांगायचं तर त्या मुली आहेत म्हणूनच माझा वॉर्ड चालतो.

कॉलेजची सरकारी तपासणी आली की मात्र मी प्राध्यापक होते. इस्त्रीची साडी, वर कोट, खिशाला बॅज. दुसऱ्या मजल्यावर एक नवा वॉर्ड आहे, नर्सच नाहीत म्हणून कायम कुलपात. त्या दिवशी तो उघडतात आणि उद्धवराव भावकीतली माणसं आणून बेडवर झोपवतात. प्रत्येकाला एकेक दुखणं वाटून देतात. कुणाला गुडघा, कुणाला साखर. जेवण चांगलं असतं, त्यामुळे माणसं हौसेनं येतात.

यंदा गंमत नव्हती. मागच्या वेळी ताकीद मिळाली होती. या वेळी काही निघालं की कॉलेजची मान्यता जाणार आणि शेवटच्या वर्षाच्या मुलींची परीक्षा अडकणार. परीक्षा नाही तर नोंदणी नाही, आणि नोंदणीशिवाय कुठल्याही बऱ्या हॉस्पिटलात उभं करत नाहीत. माझ्या वॉर्डात येणारी मैत्री त्याच वर्षाची. पिंपरीची, वडील बुद्धरत्न एका कंपनीत कंत्राटावर. तिला नोकरी लागली की ते ओव्हरटाइम बंद करणार होते. घरात सगळे त्या परीक्षेकडेच डोळे लावून बसलेले.

तपासणीच्या दिवशी मुलींना नव्या वॉर्डात ठेवलं आणि आम्हा नर्सना वर वर्गात. चार नंबरला उद्धवरावांची चुलती, छबूबाई. तिच्या वाट्याला छातीत दुखणं आलं होतं. सकाळपासून ती येईल त्याला पाठ म्हणून दाखवत होती, "छातीत दुखतंया गं माझ्या," आणि मुली तोंडाला ओढणी लावून हसत होत्या. ती पण हसत होती.

वर तपासणीच्या मॅडमनी मला विचारलं, कोणता विषय शिकवता. मी सांगितलं, कम्युनिटी हेल्थ. तेवढंच पाठ केलं होतं. उद्धवराव माझ्याकडे बघून मान डोलवत होते. एवढ्यात दारात मैत्री येऊन उभी राहिली. तोंड उतरलेलं. माझ्याकडे वळून म्हणाली,

"मॅडम, चार नंबरच्या मावशींना खरंच दुखतंय."

उद्धवरावांनी तिला डोळ्यांनीच बाहेर जायला खुणावलं. तपासणीच्या मॅडमनी हळूच चष्मा काढला.

"खरंच म्हणजे?" त्यांनी विचारलं.

मैत्रीनं माझ्याकडे बघितलं. काय बोलणार पोरगी? मी कोट काढून खुर्चीवर टाकला.

"म्हणजे बाकीच्यांना दुखत नाही," मी म्हटलं, आणि जिन्याकडे पळाले.

छबूबाईची उशी घामानं भिजली होती. डावा हात कोपरात धरून ती पुटपुटत होती, "न्हाई गं, आता खरं हाय, कुनी ऐकंना." बाकीच्या मुली अजून गोंधळून बघत होत्या. मी इसीजी काढला, त्यात हार्ट अटॅक स्पष्ट दिसत होता. डॉक्टरांना बोलावलं, ॲस्पिरिन चावायला दिली, ॲम्ब्युलन्समध्ये मैत्रीला घेऊन मी स्वतः बसले. मोशीला ट्रकांच्या गर्दीत अडकलो तेव्हा छबूबाईनं मैत्रीचा हात सोडला नाही, आणि मी मनातल्या मनात सगळ्या ट्रकवाल्यांना शिव्या दिल्या. पिंपरीला नेल्यावर तिची ब्लॉक झालेली नस उघडली. वाचली.

कॉलेज नाही वाचलं. मान्यता गेली, परीक्षा अडकली, मुलींना दुसऱ्या कॉलेजात कधी सामावतील ते कुणालाच माहीत नाही. उद्धवराव मला काहीच बोलले नाहीत. काकी त्यांची सख्खी, बोलणार तरी कोणत्या तोंडानं? मला काढताही येईना, वॉर्डाला माणूस कुठून आणणार? राग निघाला तो मैत्रीवर. तिच्या वर्गातल्या मुली तिच्याशी बोलेनाशा झाल्या. तू वर कशाला आलीस, खालच्या खाली कुणाला तरी सांगायचं होतंस, असं तोंडावर म्हणाल्या. खाली होतं कोण? सगळ्यांना तर वर प्राध्यापक करून बसवलेलं.

परवा मैत्री कॉलेजातलं सामान न्यायला आली. मी तिला चहा पाजला. मला तिचं फार वाईट वाटत होतं. शेवटी म्हटलं, "तुला कळलं होतं ना गं, वर येऊन बोललीस तर काय होईल ते?"

"हो मॅडम."

"मग?"

तिनं कप खाली ठेवला. मला वाटलं, आता रडेल, पप्पांचं सांगेल, वर्ष वाया गेल्याचं सांगेल. मी ऐकायला तयार होते.

"मी वर येताना जिन्यात थांबले होते, मॅडम," ती म्हणाली. "मावशींचा घाम बघितला होता, तरी थांबले. पप्पांचा विचार आला. मावशींना कुणी सांगितलं तर नसेल ना हे?"