मऊ पडलेली भाकरी

जगदेवीच्या हातची कडक भाकरी सगळ्या पेठेत नावाजलेली. ज्वारीची, पापडासारखी पातळ, चुलीशी उभी करून वाळवलेली. सोलापूरची हवाच अशी कोरडी, की महिनाभर टोपलीत ठेवा, मोडली की कटकन आवाज. आणि अशा घरची एकुलती एक रुद्राणी दिली कुठं, तर रत्नागिरीला! जावई बंदरावर कारकून, सरकारी नोकरी. मग तिच्या बापाने, ईश्वरप्पाने, मागचापुढचा विचार केलाच नाही.

संक्रांतीत, सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेला रुद्राणी माहेरी आली ती पार वाळून गेलेली. तिकडे अंगाला सारख्या घामाच्या धारा, धुतलेलं लुगडं वाळत नाही, रात्री छाती भरून येते, भिंतीला टेकून बसून राहावं लागतं, असं तिने सांगितलं. पण इकडचं वारं लागलं आणि पोरीचा दम मोकळा झाला. जत्रा फिरली, खळखळून हसली. तेच नडलं. ईश्वरप्पा म्हणाला, हिला कसली धाड भरलीय, सासर नको एवढंच. आणि खोटं कशाला बोला, जगदेवीलाही तसंच वाटलं. पोर डोळ्यांसमोर धडधाकट दिसत असताना आजार मानायचा तरी कसा?

निघताना रुद्राणीने भाकऱ्यांची चवड आईला परत दिली.

“अव्वा, तितं ही भाकरी दोन दिसांत मऊ पडती. मी कशी टिकू?”

जगदेवी हसली, होईल सवय म्हणाली, आणि चवड पुन्हा तिच्या पिशवीत कोंबली.

त्या बहात्तर साली सोलापूरचा श्रावण कोरडा गेला. तिकडे मात्र झड लागलेली. रुद्राणी अत्यवस्थ असल्याची तार आली. ईश्वरप्पाचा पाय दुकानातून निघेना; तू पुढं जा, तिला घेऊनच ये, म्हणाला. जगदेवीने हाताला लागल्या त्या भाकऱ्या फडक्यात बांधल्या आणि एसटी गाठली. घाट उतरला तशी हवा ओल्या घोंगडीसारखी अंगावर आली.

रुद्राणीला बोलवत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, कोरड्या हवेत आधीच न्यायला हवं होतं, आता प्रवास झेपायचा नाही. जगदेवी तिची पाठ चोळत राहिली. तिसऱ्या दिवशी पोर गेली. खुंटीवरचं गाठोडं कुणी सोडलंसुद्धा नव्हतं.

तेच गाठोडं घेऊन जगदेवी घरी परतली. आतल्या भाकऱ्या चिंधीसारख्या लोंबत होत्या. ईश्वरप्पा फेकायला निघाला, तिने फेकू दिल्या नाहीत. माळवदावर उन्हात पसरल्या.

दुसऱ्या दिवशी त्यातलीच एक तिने त्याच्या ताटात वाढली. त्याने मोडली. कटकन आवाज झाला.

“बगा,” जगदेवी म्हणाली, “हितं ठिवली असती तर पोरगीबी अशीच नीट झाली असती की.”

ईश्वरप्पाच्या हातातला तुकडा तोंडाकडे गेला नाही. त्याने तो ताटात ठेवला आणि तिथंच हमसून हमसून रडायला लागला. जगदेवीने त्याला गप्प केलं नाही.